गजाननबुवांचा गज

प्रयोगशील वादक म्हटला की परंपरा मोडणारा बंडखोर डोळ्यांपुढे येतो. गजाननराव जोशी (१९११–१९८७) यांची कारकीर्द या समजुतीला छेद देते.

वडील अनंत मनोहर जोशी हे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य आणि औंध संस्थानचे गवई. ग्वाल्हेर गायकीची तालीम गजाननबुवांना घरातच मिळाली. व्हायोलिन मात्र त्यांनी मुख्यतः स्वतःच्या मेहनतीने साधले. हे वाद्य युरोपात प्रामुख्याने लिहिलेल्या स्वरलिपीबरहुकूम वाजत आले; ख्याल तर जागच्या जागी घडतो. पडदे नसल्यामुळे मींड बोटांना साधते, पण गायकाचा दमसास आणि शब्दांचे वजन गजातूनच काढावे लागते. बुवांचा खरा प्रयोग हा होता.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. घराण्यांच्या भिंती उंच असताना त्यांनी विलायत हुसेन खाँ यांच्याकडून आग्रा आणि भूर्जीखाँ यांच्याकडून जयपूर गायकी आत्मसात केली. नावाजलेल्या कलावंताने पुन्हा शागीर्द होणे सोपे नसते.

व्हायोलिनमध्ये श्रीधर पार्सेकर, गायनात आपल्या विदर्भातील पांढरकवड्याचे उल्हास कशाळकर ही त्यांची शिष्यपरंपरा. आज व्हायोलिनवर ख्याल ऐकताना कुणाला नवल वाटत नाही. प्रयोग रुळला की प्रयोगकर्ता विस्मरणात जातो. म्हणूनच बुवांची नोंद केवळ ‘गायक-वादक’ एवढ्यावर संपवणे इतिहासाला परवडणारे नाही.