प्रतिमाभंग, राजकीय

निवडणुकीतील उमेदवाराची किंवा सत्ताधारी व्यक्तीची जनमानसात तयार झालेली प्रतिमा एखाद्या जाहीर प्रसंगी, अनवधानाने उच्चारलेल्या शब्दाने वा अशोभनीय वर्तनाने एकाएकी डागाळणे, यास राजकीय प्रतिमाभंग असे म्हणतात. भ्रष्टाचाराचा आरोप, न्यायालयीन निर्णय किंवा धोरणाचे अपयश यांमुळेही प्रतिमा खालावते. परंतु त्या प्रक्रिया दीर्घकालीन असतात व त्यांत पुराव्याची छाननी होते. प्रतिमाभंगाचा प्रसंग मात्र क्षणाचा असतो आणि त्याचा निवाडा श्रोते वा प्रेक्षक तत्काळ करतात.

स्वरूप : चूक किती मोठी आहे, यावर प्रतिमाभंगाची तीव्रता सहसा अवलंबून नसते. संबंधित व्यक्तीविषयी लोकांच्या मनात आधीपासून असलेल्या शंकेला त्या प्रसंगाने पुष्टी मिळाली, तर क्षुल्लक चूकही घातक ठरते. उद्दाम समजल्या जाणाऱ्या नेत्याचे उद्दाम वाक्य दीर्घकाळ स्मरणात राहते. तेच वाक्य नम्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यक्तीकडून गेल्यास बोलण्याच्या ओघातील चूक म्हणून सोडून दिले जाते. दुसरा घटक म्हणजे प्रसंगाचे गांभीर्य. दुष्काळ, दंगल किंवा हत्याकांड यांच्या सावटाखाली केलेला विनोद लोक सहन करीत नाहीत. तिसरा घटक प्रसारमाध्यमांचा होय. सभेत उच्चारलेला शब्द पूर्वी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातून वाचकांपर्यंत पोहोचे व तो आपण उच्चारलाच नाही, असे म्हणण्यास वक्त्याला वाव असे. ध्वनिचित्रमुद्रण सार्वत्रिक झाल्यानंतर हा वाव उरला नाही.

पाश्चात्त्य देशांतील उदाहरणे : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकींत अशी उदाहरणे विपुल आढळतात. १९७२ च्या फेब्रुवारीत डेमॉक्रॅटिक पक्षाचे इच्छुक उमेदवार एडमंड मस्की हे न्यू हँपशर राज्यात हिमवर्षावात भाषण करीत असताना पत्नीवरील टीकेचा उल्लेख करताना गहिवरले. त्यांना रडू कोसळल्याचे वृत्त पत्रकारांनी दिले; चेहऱ्यावरील पाणी वितळलेल्या हिमाचे होते, असे त्यांचे म्हणणे होते. खंबीर नेता ही त्यांची प्रतिमा मात्र ढासळली. जेरल्ड फोर्ड यांनी १९७६ मधील दूरचित्रवाणीवरील वादविवादात पूर्व यूरोपवर सोव्हिएट वर्चस्व नसल्याचे विधान केले. मायकेल डुकाकिस यांचे १९८८ मधील रणगाड्यातील छायाचित्रण प्रतिपक्षाने जाहिरातीसाठी वापरले. हॉवर्ड डीन यांची १९ जानेवारी २००४ रोजीची आरोळी जगभर ऐकली गेली. तथापि आयोवातील मतदानात ते तिसऱ्या क्रमांकावर गेल्यानंतर ती उठली होती. पराभवाचे श्रेय प्रसंगाला देताना आधीची कारणे झाकली जातात, हे या अखेरच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील पूर्वेतिहास : महाराष्ट्रात जाहीर सभेतील शब्दाने प्रतिमा कायमची बदलल्याचे ठळक उदाहरण संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात आढळते. २० नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत गिरगाव चौपाटीवर मोरारजी देसाई व स. का. पाटील यांची सभा झाली. मुंबई महाराष्ट्राला पाच हजार वर्षांतही मिळणार नाही, अशा आशयाचे पाटील यांचे आणि काँग्रेस जिवंत आहे तोवर ती मिळणार नाही, अशा आशयाचे देसाई यांचे उद्गार श्रोत्यांना असह्य झाले व सभा उधळली गेली. दुसऱ्याच दिवशी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. या घटनांनी मराठी जनतेचा रोष एका वाक्यात सामावला आणि ते वाक्य पुढील प्रत्येक प्रचारसभेत उद्धृत होऊ लागले. याउलट कुलाबा मतदारसंघातून १९५२ मध्ये निवडून आलेले व रोहे येथील घराण्यातील चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर १९५६ च्या जुलैमध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांची प्रतिमा त्यामुळे उजळली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा फटका बसला आणि कुलाबा मतदारसंघात शेतकरी कामगार पक्षाचा उमेदवार विजयी झाला.

स. का. पाटील मात्र १९५७ मध्ये मुंबईतून निवडून आले. त्यांच्या प्रतिमेवर निर्णायक आघात झाला तो १९६७ मध्ये. आपला पराभव परमेश्वरही करू शकणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध झाले आणि दक्षिण मुंबईतील प्रतिस्पर्धी जॉर्ज फर्नांडिस यांनी त्यांचाच प्रचारासाठी उपयोग केला. परमेश्वर करू शकत नसला, तरी मतदार पराभव करू शकतात, हा त्या प्रचाराचा गाभा होता. मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणून ओळखला जाणारा नेता एका तरुण कामगार पुढाऱ्याकडून पराभूत झाला. कामगारवर्गातील असंतोष व देशभर काँग्रेसविरोधी वाहणारे वारे हीही या निकालाची कारणे होती. परंतु त्या असंतोषाला घोषणेचे रूप पाटील यांच्याच वाक्याने मिळवून दिले.

रायगड जिल्हा व अंतुले : पेण, रोहे व रोह्यालगतचे वरसे यांसारखी गावे ज्या जिल्ह्यात मोडतात, त्या जिल्ह्याच्या राजकारणात या विषयाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण अब्दुल रहमान अंतुले (१९२९–२०१४) यांचे आहे. म्हसळे तालुक्यातील आंबेत हे त्यांचे गाव. जून १९८० मध्ये ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. संजय गांधी निराधार अनुदान योजना, कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर, सिंधुदुर्ग व जालना या जिल्ह्यांची निर्मिती आणि भवानी तलवार इंग्लंडमधून आणण्याचा प्रयत्न यांमुळे तडफदार व झटपट निर्णय घेणारा प्रशासक अशी त्यांची ख्याती झाली. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी इंडियन एक्सप्रेस या दैनिकात अरुण शौरी यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान व अन्य विश्वस्त संस्थांना मिळालेल्या देणग्यांविषयी लेख लिहिला. सिमेंटचे वाटप व देणग्या यांचा परस्परसंबंध असल्याचा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी दिला आणि अंतुले यांना पद सोडावे लागले. यानंतरचा फौजदारी खटला सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ व १९८८ मधील निर्णयांमुळे कायद्याच्या अभ्यासकांत प्रसिद्ध झाला. या पदत्यागाला क्षणिक प्रसंग कारणीभूत नव्हता; तरीही प्रतिमेच्या दृष्टीने ‘सिमेंट’ हा एकच शब्द त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला.

राज्यभर प्रतिमा मलिन झालेल्या या नेत्याला स्वतःच्या जिल्ह्याने मात्र दूर केले नाही. १९८९, १९९१ व १९९६ मध्ये कुलाबा मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून आले आणि २००४ मध्ये पुन्हा विजयी झाले. गावाला मिळालेला रस्ता, निराधाराला मिळालेले अनुदान व मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचलेला कोकणी माणूस या गोष्टी स्थानिक मतदाराच्या अनुभवातील होत्या. वृत्तपत्रांतील प्रतिमा त्याच्या दृष्टीने दूरची होती.

केंद्रीय अल्पसंख्याक कामकाज मंत्री असताना डिसेंबर २००८ मध्ये अंतुले यांनी मुंबईवरील हल्ल्यात मृत्यू पावलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या मृत्यूच्या परिस्थितीविषयी शंका व्यक्त केली. शोकाकुल वातावरणात या विधानाने संसदेत व बाहेर गदारोळ माजला. अंतुले यांनी राजीनामा देऊ केला, परंतु तो स्वीकारण्यात आला नाही. पुढील वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत रायगड मतदारसंघात शिवसेनेचे अनंत गीते यांनी त्यांचा पराभव केला. हा पराभव केवळ त्या विधानाचा परिणाम होता, असे म्हणता येत नाही. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत पनवेल, उरण व कर्जत हे विधानसभा मतदारसंघ मावळला जोडले गेले होते आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली व गुहागर हे नव्या रायगड मतदारसंघात आले होते. गीते हे त्यापूर्वी सलग रत्नागिरीचे खासदार होते. अंतुले यांचे वयही तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. प्रसंग व निकाल यांत कार्यकारणसंबंध जोडताना अशा बाबींचा विचार आवश्यक ठरतो.

नंतरच्या घटना : मुलीच्या वैद्यकीय पदव्युत्तर परीक्षेतील गुणांच्या प्रकरणात शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, तरी निलंगे मतदारसंघातून ते पुढेही निवडून आले. २००८ हे वर्ष प्रतिमाभंगाच्या दृष्टीने अपूर्व ठरले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीत बाँबस्फोट झाले, त्या रात्री केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील वेगवेगळ्या पोशाखांत दिसले व त्यांवर सार्वत्रिक टीका झाली. मुंबईवरील हल्ल्यानंतर त्यांनी राजीनामा दिला. ‘मोठ्या शहरांत अशा लहानसहान घटना घडतात’ या आशयाच्या हिंदी वाक्यामुळे राज्याचे उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांना १ डिसेंबर २००८ रोजी पदत्याग करावा लागला. मुख्यमंत्री विलासराव देशमुख हे हल्ल्याने उद्ध्वस्त झालेल्या ताजमहाल हॉटेलच्या पाहणीस गेले असता त्यांच्यासमवेत अभिनेता असलेला मुलगा व चित्रपट-दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते; या दृश्याने त्यांचे पद गेले.

या तिघांची नंतरची वाटचाल लक्षणीय आहे. शिवराज पाटील २०१० मध्ये पंजाबचे राज्यपाल झाले. देशमुख मे २००९ मध्ये केंद्रीय मंत्री झाले. आर. आर. पाटील त्याच वर्षी तासगाव-कवठेमहांकाळ मतदारसंघातून विजयी होऊन पुन्हा गृहमंत्री झाले. ग्रामस्वच्छता अभियान व तंटामुक्त गाव मोहीम यांतून तयार झालेली साध्या, स्वच्छ कार्यकर्त्याची प्रतिमा त्यांच्या पाठीशी होती. ऑक्टोबर २०१४ मधील प्रचारात एका प्रतिस्पर्ध्यावरील बलात्काराच्या आरोपाबाबत त्यांनी केलेले असंवेदनशील विधान गाजले व त्यांनी क्षमा मागितली. मतदारांनी त्यांना तरीही निवडून दिले.

एप्रिल २०१३ मध्ये राज्यातील अनेक तालुके दुष्काळाने होरपळत असताना उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी इंदापूर तालुक्यातील सभेत धरणातील पाण्याच्या मागणीवर अश्लील विनोद केला. उजनीच्या पाण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील एक शेतकरी त्या वेळी मुंबईत उपोषणास बसला होता. पवार यांनी क्षमा मागितली आणि कऱ्हाड येथे यशवंतराव चव्हाण यांच्या समाधिस्थळी दिवसभर आत्मक्लेश केला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांच्या पक्षाचे संख्याबळ ६२ वरून ४१ वर आले. बारामतीत मात्र ते मोठ्या मताधिक्याने विजयी झाले. पक्षाच्या पीछेहाटीस सिंचन घोटाळ्याचे आरोप व काँग्रेसशी झालेली फारकत यांसारखी कारणे होतीच. परंतु दुष्काळी भागातील प्रचारात त्या विनोदाचा उल्लेख वारंवार होत राहिला.

एखादा प्रसंग प्रतिमा उंचावूही शकतो. १८ ऑक्टोबर २०१९ रोजी सातारा येथे भर पावसात भाषण करताना शरद पवार यांनी उमेदवाराच्या निवडीतील आपली पूर्वीची चूक कबूल केली. लोकसभेच्या सातारा पोटनिवडणुकीत त्यांच्या पक्षाचे श्रीनिवास पाटील निवडून आले.

कायदेशीर बाजू : उमेदवाराच्या खऱ्या चुकीचा प्रतिपक्षाने प्रचारात उपयोग करण्यास कायद्याची हरकत नाही. तथापि उमेदवाराचे वैयक्तिक चारित्र्य वा वर्तन यांविषयी खोटे असल्याचे ठाऊक असलेले विधान निवडणुकीच्या निकालावर परिणाम व्हावा या हेतूने प्रसिद्ध करणे, हे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ (४) नुसार भ्रष्ट आचरण ठरते व त्यावरून निवडणूक रद्द होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ मधील निर्णयांमुळे उमेदवारास फौजदारी खटले, मालमत्ता व शिक्षण यांची माहिती शपथपत्राद्वारे देणे बंधनकारक झाले. मतदाराने क्षणिक प्रसंगावर विसंबू नये, तर उमेदवाराची पूर्वपीठिका तपासावी, ही या निर्णयांमागील भूमिका आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने बनावट ध्वनिचित्रफिती तयार करणे शक्य झाल्यापासून प्रसंग खरा की रचलेला, हा प्रश्नही निर्माण झाला आहे.

मूल्यमापन : महाराष्ट्रातील उदाहरणांवरून असे दिसते, की जाहीर प्रसंगी झालेल्या चुकीमुळे पद तत्काळ जाते; मतदारसंघ सहसा जात नाही. पदावर ठेवण्याचा निर्णय पक्षश्रेष्ठी करतात व त्यांच्यावर राज्यभरातील लोकमताचा दाब असतो. मतदारसंघातील निवाडा मात्र परिचय, उपकृतता व जातीय-स्थानिक समीकरणे यांवर ठरतो. स. का. पाटील यांच्यासारखा अपवाद, उमेदवाराने मतदारांचाच अधिकार नाकारला, तेव्हा घडतो. मतदारांच्या या क्षमाशीलतेला दोन बाजू आहेत. एका वाक्यासाठी आयुष्यभराचे काम पुसले जाऊ नये, हे न्याय्य होय. परंतु पाणी मागणाऱ्यांचा उपहास वा अत्याचाराविषयीची बेपर्वाई हीदेखील केवळ शब्दांची चूक नसते. सत्ताधाऱ्याला इतरांच्या दुःखाविषयी वस्तुतः काय वाटते, याचे ते अनवधानाने घडलेले दर्शन असते. ही दोन्ही प्रकारची उदाहरणे परस्परांपासून वेगळी ओळखता येणे, यातच लोकशाहीतील मतदाराच्या विवेकाची कसोटी असते.