गाळाचे प्रकाशीय कालमापन

गाळाच्या कणांना शेवटचे ऊन कधी लागले, हे ठरवण्याची पद्धत. निअँडरथल मानव युरोप व पश्चिम आशियात सुमारे ४ लाख ते ४० हजार वर्षांपूर्वी वावरला. कार्बन-१४ पद्धत मात्र ५० हजार वर्षांच्या आसपास थकते. निअँडरथलांचा त्यामागचा मोठा काळ वाचायला गाळाची ही प्रकाशीय पद्धत लागते. कॅनडातील डेव्हिड हंटली व सहकाऱ्यांनी ती १९८५ मध्ये मांडली.

तत्त्व : मातीतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांच्या किरणोत्सर्गाने क्वार्ट्झच्या कणांत इलेक्ट्रॉन अडकत जातात. ऊन लागले की ते सुटतात. कण गाडला गेला की नव्याने साठू लागतात. प्रयोगशाळेत निळा किंवा हिरवा प्रकाश टाकला की कण मंद उजळतो आणि त्यावरून साठलेली मात्रा कळते. ती १५० ग्रे (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक) आणि दर हजार वर्षांची भर २.५ ग्रे असेल, तर गाळ ६० हजार वर्षांपूर्वीचा.

नमुना घेताना खणलेल्या थराच्या भिंतीत धातूची नळी ठोकतात व तोंडे लगेच बंद करतात. पुढचे काम अंधाऱ्या खोलीत, मिणमिणत्या लाल दिव्याखाली चालते. थर किती ओला होता याचाही हिशेब ठेवावा लागतो, कारण पाणी किरणोत्सर्ग शोषते. गढूळ पुरातून आलेल्या कणांना पुरेसे ऊन मिळालेले नसते. मग वय फुगते. म्हणून हल्ली एकेक कण वेगळा मोजतात.

फ्रान्समधील ला रोश-कोतार गुहेच्या मऊ भिंतींवर बोटांनी ओढलेल्या रेषा आहेत. त्या रेषांचे वय थेट काढता येत नव्हते. मात्र लुआर नदीच्या पुराचा गाळ आणि डोंगरउतारावरची माती यांनी गुहेचे तोंड बुजवले होते. तो गाळ मोजल्यावर गुहा सुमारे ५७ हजार वर्षांपूर्वी बंद झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या भागात आधुनिक मानव तेव्हा पोचला नव्हता, म्हणजे रेषा निअँडरथलांच्या ठरतात. आत सापडलेली दगडी हत्यारेही निअँडरथलांच्या मूस्तेरियन धाटणीची.

वय ठरलेल्या थरांतील परागकण, कोळसा व हाडे यांवरून परिसराचे चित्र उभे राहते. जर्मनीतील नॉयमार्क-नोर्ड येथे सुमारे १ लाख २५ हजार वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या गाळात गवताळ, मोकळ्या माळरानाच्या खुणा मिळाल्या. आसपासच्या इतर तळ्यांकाठी त्याच काळात दाट जंगल होते. निअँडरथलांचा तेथील वावर आणि त्यांनी पेटवलेली आग यांमुळे सुमारे २ हजार वर्षे हा भाग मोकळा राहिला, असे संशोधकांनी २०२१ मध्ये मांडले.