रणगाड्याच्या प्रतिकृतीवरचा चिखल : ‘फामागुस्ता’ कसा रंगवावा?

१/ अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये ‘फामागुस्ता’ नावाचा एक सेंच्युरियन रणगाडा जतन करून ठेवलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतर नदीच्या परिसरात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात धारातीर्थी पडले. तेव्हा त्यांचे वय अवघे २१ होते. या रणगाड्याची छोटी प्रतिकृती रंगवायची, तर तिच्यावर धूळ किती, चिखल कोणता आणि गंज कुठे? आजचा धागा या प्रश्नावर.

२/ प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून तयार होणाऱ्या अशा प्रतिकृतींना स्केल मॉडेल म्हणतात. नुसता रंग दिलेला रणगाडा खेळण्यासारखा दिसतो. म्हणून त्यावर धूळ, ओघळ, ओरखडे, तेलाचे डाग, काजळी आणि चिखल यांचा आभास निर्माण केला जातो. या कामाला छंदिष्टांच्या भाषेत वेदरिंग म्हणतात.

३/ वेदरिंग म्हणजे सजावट, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः प्रत्येक डाग हे एक विधान असते. मडगार्डवरचा ओरखडा सांगतो की इथे काहीतरी घासले. पट्ट्यातला ओला चिखल सांगतो की हा रणगाडा थोड्याच वेळापूर्वी ओल्या जमिनीवरून आला. जाड गंज सांगतो की हे लोखंड दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. इतिहासातल्या कोणत्याही विधानाप्रमाणे याही विधानांना पुरावा लागतो.

४/ हे मी वसईतल्या निर्मळमधून लिहितो आहे, आणि या रणगाड्याच्या रेजिमेंटचा एक धागा वसईशीही जुळतो. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला, तो ‘वसईचा तह’ म्हणूनच ओळखला जातो. पुढे १८१७ मध्ये पुण्याच्या तहाने पेशव्याला आणखी जखडले. त्याच वर्षी पुण्यात ‘पूना ऑक्झिलरी हॉर्स’ हे घोडदळ उभे राहिले. तेच आजचे १७ पूना हॉर्स. विसाव्या शतकात घोडे गेले आणि रणगाडे आले.

५/ या रेजिमेंटला दोन परमवीर चक्रे मिळाली. पहिले १९६५ च्या युद्धातले, लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर यांचे. त्यांचा जन्म मुंबईचा, आणि आडनावात आपल्याच पालघर जिल्ह्यातले तारापूर. ११ सप्टेंबरला फिलोराच्या लढाईत ते जखमी झाले, परंतु आघाडी सोडून मागे जाण्यास त्यांनी नकार दिला. १६ सप्टेंबर १९६५ रोजी बुतूर डोगरांडी येथे ते कामी आले. दुसरे परमवीर चक्र खेत्रपाल यांचे. त्यांचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा.

६/ १९७१ मध्ये पूना हॉर्सचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल हनुत सिंग यांच्याकडे होते. बसंतरपलीकडे पायदळाने पाय रोवले होते, पण रणगाड्यांसाठी सुरुंगक्षेत्रातून काढायची वाट अद्याप पूर्ण झाली नव्हती. शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसताच पूना हॉर्सने सुरुंग पुरते हटण्याची वाट न पाहता पुढे जाण्याचा निर्णय घेतला. जरपालजवळ पॅटन रणगाड्यांशी गाठ पडली. फामागुस्तावर मारा होऊन आग लागली, तरी खेत्रपाल लढत राहिले. नंतरच्या आघातात ते मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी ढाक्यात शरणागतीच्या करारावर सह्या झाल्या.

७/ म्हणून पहिला प्रश्न रंगाचा नसून वेळेचा आहे. आपली प्रतिकृती १६ डिसेंबरच्या सकाळची आहे, पहिल्या माऱ्यानंतरची आहे, की युद्धानंतरची? रणगाडा पाकिस्तानी सैन्याच्या हाती पडला होता आणि नंतर तो भारताला परत मिळाला. या तिन्ही क्षणांचे रूप वेगळे. सकाळच्या रणगाड्यावर जळाल्याची काजळी दाखवली, तर तो कालविपर्यास ठरेल. तारीख आणि प्रहर आधी वहीत लिहावा, ब्रश नंतर उचलावा.

८/ दुसरा प्रश्न प्रमाणाचा. दिवाळीच्या किल्ल्यात महादरवाजापेक्षा उंच मावळा आपण सर्वांनी पाहिला आहे. तिथे ते गोड वाटते, इथे चालत नाही. १:३५ या प्रमाणात मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साडेतीन सेंटिमीटर. ब्रशने सहज उमटलेला २ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे तळहाताएवढे रंगाचे खपले उडाल्याचा दावा. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरचा खडा. म्हणून माती वस्त्रगाळ लागते आणि ओरखडे केसाएवढे बारीक.

९/ प्रमाणाचा नियम रंगालाही लागू होतो. मॉडेल आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून पाहतो, म्हणजे खरा रणगाडा सुमारे साडेदहा मीटरवरून पाहिल्यासारखे. मधल्या हवेमुळे दूरची वस्तू किंचित फिकट दिसते. म्हणून मूळ गडद हिरवा रंग जसाच्या तसा न वापरता त्यात थोडी फिकट छटा मिसळण्याची पद्धत आहे. तसे न केल्यास मॉडेल काळवंडलेले दिसते आणि त्यावरचे बारकावे हरवतात.

१०/ मग मूळ रंग ठरवायचा कशावरून? संग्रहालयात जाऊन पाहू, असे आपण म्हणतो. अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ मध्ये सुरू झाले आणि रणगाडे जवळून न्याहाळायला महाराष्ट्रात त्यासारखी जागा नाही. आकार, जोड, वेल्डिंगच्या रेषा, पट्ट्यांची रचना यांसाठी ते अस्सल साधन आहे. परंतु उघड्यावर ठेवलेल्या लोखंडाला गंजापासून वाचवायचे, तर पुनःपुन्हा रंग द्यावाच लागतो. तो रंग जतन करणाऱ्यांच्या काळजीचा पुरावा आहे, युद्धाच्या दिवसाचा नव्हे.

११/ छायाचित्रांचेही तसेच. कृष्णधवल छायाचित्र छटा सांगत नाही, पण प्रकाशाचे प्रमाण सांगते. चाकांच्या वरचा भाग गडद आणि खालचा फिकट दिसत असेल, तर धूळ कुठवर चढली ते कळते. जुन्या रंगीत प्रती काळानुसार पिवळट वा तांबूस होतात. अशा वेळी त्याच चित्रातल्या ओळखीच्या वस्तू पाहाव्यात. चाकांचे काळे रबर जर तपकिरी दिसत असेल, तर हिरवा रंगही तितकाच घसरलेला समजावा.

१२/ आता प्रत्यक्ष काम. क्रम असा : प्रायमर, मूळ रंग, चकचकीत व्हार्निश, मग डेकल म्हणजे चिन्हे व क्रमांक, पुन्हा व्हार्निशचा थर, आणि त्यानंतर वेदरिंग. गुळगुळीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा अडकत नाही. मूळ रंग ॲक्रिलिकचा आणि वरचे काम एनॅमल वा तैलरंगाचे ठेवावे. नीट वाळलेला ॲक्रिलिक थर व्हाइट स्पिरिटने सहसा विरघळत नाही. त्यामुळे वरचा डाग मनासारखा नसेल, तर खालचा रंग न बिघडवता तो पुसता येतो.

१३/ पहिली पायरी वॉश. गडद तपकिरी रंग खूप पातळ करून बारीक ब्रशने फक्त सांध्यांत, बोल्टभोवती आणि झडपांच्या कडांना सोडावा. तो केशाकर्षणाने आपोआप खाचेत धावतो. साऱ्या रणगाड्यावर वॉश फासू नये. मळ साठतो तो खाचांत, सपाट पत्र्यावर नव्हे. शुद्ध काळा रंगही टाळावा, कारण साचलेली धूळ आणि तेल यांचा मेळ तपकिरीकडे झुकतो.

१४/ दुसरी पायरी ओरखडे. ते कुठे पडतील? जिथे सैनिकांचे बूट आणि हात रोज लागतात तिथे : चढण्याच्या जागा, झडपांच्या कडा, अवजारांच्या पेट्या, मडगार्डचे पुढचे टोक. स्पंजच्या तुकड्याने हलकेच टिपले, तर ठिपके अनियमित येतात. दुसरी युक्ती हेअरस्प्रेची. गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे मारून वर हिरवा ॲक्रिलिक द्यायचा आणि ओल्या ब्रशने घासायचे. मधला थर पाण्यात सुटतो आणि हिरवा रंग खऱ्यासारखा निघतो.

१५/ तिसरी पायरी गंज, आणि येथे निर्मळचा अनुभव उलट्या अर्थाने उपयोगी पडतो. आमच्याकडे समुद्र जवळ. खाऱ्या हवेत लोखंडी फाटक, सायकल, पंपाचा पत्रा लवकर पोखरतो आणि गंजाचे पापुद्रे सुटतात. नजर याच गंजाला सरावलेली असल्याने हात तोच रंगवतो. पण शकरगढचा प्रदेश समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. त्यात ३ डिसेंबरला सुरू झालेल्या युद्धाचा १६ डिसेंबर हा अवघा चौदावा दिवस. रोज देखभाल होणाऱ्या यंत्रावर असे पापुद्रे येणे शक्य नाही.

१६/ मग गंज मुळीच नाही का? आहे, पण जागा ठरलेल्या. सेंच्युरियनचे धुराडे मागच्या मडगार्डवर दोन्ही बाजूंना असतात. उष्णतेने त्यांचा रंग जळतो आणि उघडे लोखंड तांबूस होते. पट्ट्यांवर रात्रीच्या दवाने गंजाची पातळ झाक येते, मात्र जमिनीला घासणारा भाग चालताना पुन्हा लखलखतो. तिथे मऊ पेन्सिलीचे शिसे घासले की पोलादाची चमक येते. चाकांची बाहेरची धाव रबराची असते, तिच्यावर धातूची चमक दाखवणे चूक.

१७/ चौथी पायरी धूळ. रावी आणि चिनाब यांच्या दरम्यानच्या या मैदानात नद्यांनी आणलेला गाळ आहे. त्याची धूळ फिकट, करड्या-पिवळसर छटेची. निर्मळच्या वाड्यांतली काळपट माती किंवा सह्याद्रीतली तांबडी माती तिथे चालणार नाही. कोरडे रंगचूर्ण किंवा किसलेले खडू त्या छटेत मिसळून ब्रशने खालून वर विरळ करत न्यावे. माणसे वावरतात तिथली धूळ पुसली जाते. हे पुसलेपण दाखवले की मॉडेलवर माणूस नसतानाही त्याचे अस्तित्व जाणवते.

१८/ पाचवी पायरी चिखल. रंगचूर्ण, थोडे प्लास्टर आणि ॲक्रिलिक माध्यम कालवून तो करतात. चिखल नेहमी थरांत असतो. जुना वाळलेला थर फिकट, त्यावरचा ताजा थर गडद आणि किंचित चमकदार. बसंतर ओलांडून आलेल्या रणगाड्याची चाके आणि पट्टे ओले, तर बुरुजावर आदल्या दिवसांची कोरडी धूळ, असा भेद दाखवता येतो. एकाच रणगाड्यावर दोन वेगळे दिवस दिसतात.

१९/ ऋतू आणि स्थळ बदलले की चिखलही बदलतो. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरण भागात असल उत्तर येथे भारतीय सैन्याने शेतांत पाणी सोडले आणि पॅटन रणगाडे त्या दलदलीत रुतले. त्या पॅटनची प्रतिकृती केली, तर चिखल पोटापर्यंत हवा, पट्ट्यांत उसाची पाने अडकलेली चालतील. हाच चिखल फामागुस्तावर चढवला, तर एका लढाईचा पुरावा दुसरीच्या नावे लागतो.

२०/ ही गल्लत सहज होते, कारण या छंदाची पाककृती बाहेरून आली. जपानच्या तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याचे मॉडेल काढले. त्यात बॅटरी बसावी म्हणून जो आकार ठेवला, तो सुमारे १:३५ निघाला, आणि पुढे तेच प्रमाण जगभर रूढ झाले. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांच्यासारख्यांनी वॉश आणि ड्रायब्रशिंग लोकप्रिय केले. तंत्र त्यांचे जरूर घ्यावे. परंतु युरोपातल्या आघाडीचा तयार बाटलीतला चिखल पंजाबच्या रणगाड्यावर ओतू नये.

२१/ शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड : आघात दाखवायचा का? तुटलेले पोलाद आणि काजळी रंगवायला आकर्षक असते, कौशल्य दिसते. पण त्या भोकामागे एक माणूस होता. दाखवायचेच असेल, तर त्याची जागा आणि आकार छायाचित्रातून सिद्ध व्हायला हवेत. पुरावा हाती नसेल, तर माझी निवड सकाळच्या रणगाड्याची असेल : नुकताच सुरुंगक्षेत्र पार केलेला, चाके ओली, बुरुज धुळकट, नळी पुढे रोखलेली.

२२/ तर मित्रहो, मॉडेल पूर्ण झाल्यावर त्याच्या पाटीवर केवळ ‘सेंच्युरियन’ लिहून थांबू नका. स्थळ, तारीख आणि प्रहर लिहा. मग प्रत्येक डागावर बोट ठेवून विचारा : हा त्या वेळी इथे असू शकला असता का? ज्याचे उत्तर देता येत नाही, तो डाग पुसून टाका. व्हाइट स्पिरिट त्यासाठीच असते.

(धागा समाप्त. आपण केलेल्या प्रतिकृतींची छायाचित्रे खाली जरूर टाका, आणि सोबत तारीखही.)