पिल्लांना मार्क

मांजरांना रीतसर मार्क देण्याची टूम काढली हॅरिसन विअर या इंग्रज चित्रकाराने. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने मांजरांचं प्रदर्शन भरवलं. मांजर उंदरांसाठी पाळायची, तिचं कसलं कौतुक, म्हणून आधी लोक हसले. विअरलाही धास्ती होतीच. पिंजऱ्यांत नुसता आरडाओरडा असेल असं मनात धरून तो पोहोचला, तर मांजरं लाल गाद्यांवर ऐसपैस पसरून घुरघुरत होती. परीक्षकांत एक तो स्वतः आणि एक त्याचा भाऊ. आपल्या गल्लीतल्या स्पर्धांना नावं ठेवायला नकोत!

पुढे १८८९च्या पुस्तकात त्याने जातवार शंभर गुणांची वाटणी छापली: डोकं, डोळे, केस, रंग, शेपूट. पाहताक्षणी उचलून घ्यावंसं वाटतं, याला मार्क नाहीत. नंतर मात्र मंडळींना मांजरांपेक्षा बक्षिसांचीच हाव सुटली म्हणून वैतागून त्याने मांजर-क्लबचं अध्यक्षपदच सोडलं.

ब्रायटनचा फोटोग्राफर हॅरी पॉइंटर मार्कांच्या फंदात पडला नाही. त्याने मांजरांना तीनचाकीवर बसवलं, चहाला बसवलं, खाली नववर्षाच्या शुभेच्छा छापल्या. १८८४पर्यंत असे दोनेकशे फोटो झाले होते.

फोटो आणि मार्क एकत्र आले ते इंटरनेटवर, आणि सुरुवात माणसांपासून झाली. ऑक्टोबर २०००मध्ये कॅलिफोर्नियात ‘हॉट ऑर नॉट’ निघालं: अनोळखी चेहरा बघा, दहापैकी गुण द्या. मला तो प्रकार किळसवाणा वाटायचा. कुणाच्या तरी पोरीला चार मार्क देणारे आपण कोण?

‘किटनवॉर’ या वेबसाइटची गोष्ट वेगळी. शेजारी शेजारी मांजरीची दोन पिल्लं, जास्त गोड त्यावर क्लिक. तेव्हा मी पुण्यात कॉल सेंटरला रात्रपाळी करायचे. फोन ठेवला की समोरचा मला गुण देणार, आवाजाला, नम्रतेला. महिनाअखेरीस त्यावर पगार ठरणार. ब्रेकमध्ये ‘किटनवॉर’ उघडलं की पेपर तपासायची पाळी माझी. आणि मी काय करायचे, तर तिरळ्या, काटकुळ्या पिल्लालाच मत द्यायचे. तिथे हरणाऱ्यांचीही यादी लागायची, ते बघवत नसे. शेजारची मैत्रीण म्हणायची, “अगं, एवढं कौतुक करतेस, दृष्ट लागेल त्याला!”

दिवसभर स्वतः मोजले जाणारे लोक हातात पेन आलं की सढळ होतात, हे मला तिथे कळलं. नोव्हेंबर २०१५मध्ये मॅट नेल्सन या अमेरिकन कॉलेजकुमाराने ट्विटरवर ‘वी रेट डॉग्ज’ सुरू केलं, त्यात तर हे उघडच झालं. कुत्र्यांना दहापैकी अकरा, बारा, तेरा! पुढच्या वर्षी एकाने हिशेबाचा जाब विचारला, तेव्हा नेल्सनचं म्हणणं एवढंच, की ती कुत्री चांगली आहेत. आमच्या टीम लीडरने हे कधी ऐकून घेतलं नसतं.