बिनतारखेचे चेक

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून एक गठ्ठा खाली आला आणि त्याच्याबरोबर दहा-पंधरा मिनिटांचं एक भांडणही. द्रोणागिरीत राहायला आल्यापासून दाराखालून आत सरकवलेलं लोकप्रतिनिधींचं एकही पत्रक मी टाकलेलं नव्हतं.

"अहो, ही काय तुमच्या बँकेची व्हाउचरं आहेत, आठ-आठ वर्षं सांभाळायला?" सौभाग्यवती म्हणाल्या.

चूक माझीच. बँकेने कुठले कागद 5 वर्षं जपायचे आणि कुठले 8, याचे नियम 1985 साली झाले, ही माहिती मीच एकदा जेवताना, कुणीही विचारलेलं नसताना, पुरवली होती. पुढाऱ्याच्या पत्रकाला असं सरकारमान्य आयुष्य नाही. ते सकाळी येतं, दुपारी त्यावर पालेभाजी निवडली जाते आणि संध्याकाळी ते देठांसकट केराच्या टोपलीत जातं.

रद्दीवाला यायला अवकाश होता, म्हणून गठ्ठा सोडून वाचत बसलो. त्यात गुळगुळीत कागदावरचे कार्यअहवाल होते, प्रसिद्धिपत्रकं होती, आणि लक्ष्मीपेक्षा शुभेच्छुकाचा फोटो मोठा असलेली दिवाळीची शुभेच्छापत्रंही होती. अशी पंचवीस-तीस पत्रकं एका बैठकीत वाचली की माणसाला त्यांचं व्याकरण कळू लागतं. या व्याकरणात काळ दोनच: 'प्रश्न मार्गी लागला' आणि 'प्रश्न मार्गी लागणार'. वर्तमानकाळ नाही. तो आमच्यासारख्यांना राहण्यासाठी मोकळा ठेवलेला असतो. क्रियाविशेषण मात्र एकच, 'लवकरच'.

नेरूळ-उरण रेल्वेचंच घ्या. गाडी नोव्हेंबर 2018 मध्ये खारकोपरपर्यंत आली आणि 12 जानेवारी 2024 रोजी पुढचा मार्ग सुरू होऊन उरणला पोचली. वाटेत आमचं द्रोणागिरी स्टेशनही आलं. माझ्या गठ्ठ्यात मात्र तीच गाडी त्याआधी अकरा वेळा येऊन गेली होती. प्रत्येक वेळी लवकरच. आणि प्रत्यक्ष आली तेव्हा सगळ्याच पक्षांच्या पत्रकांनी 'आमच्या अथक पाठपुराव्याला यश' आल्याचं कळवलं. एका गाडीला इतकी इंजिनं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

वाचता वाचता माझ्यातला कारकून जागा झाला. यातल्या बहुतेक पत्रकांवर तारीखच नव्हती! निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापलाच पाहिजे असं लोकप्रतिनिधित्वाचा कायदा सांगतो, पण तारीख घालाच असं कलम त्यात नाही. आमच्या काउंटरवर तारीख नसलेला चेक कितीही मोठ्या रकमेचा असो, परत जातो. इथे मात्र गठ्ठाभर चेक, सह्या ठसठशीत, रकमा भरघोस, आणि तारखेची जागा कोरी.

पुढाऱ्यांचे कागद पहिल्यापासून असेच होते की काय, असं वाटून मी जरा मागे गेलो. तर तसं नव्हतं. बाबासाहेब आंबेडकरांचा 'मूकनायक' निघाला 31 जानेवारी 1920 रोजी आणि 'बहिष्कृत भारत' 3 एप्रिल 1927 रोजी. सरकारने 1990 मध्ये त्यांचे अंक पुन्हा छापले, त्यामुळे बाबासाहेब कोणत्या दिवशी काय म्हणाले हे आज आपल्याला बघता येतं. माणूस आपल्या शब्दाखाली तारीख घालतो, म्हणजे नंतर कुणी येऊन हिशेब मागितला तर त्याची तयारी असते.

दुसरं उदाहरण तर आमच्या खाडीपलीकडचं. करंजाहून लाँचने रेवसला उतरलं की अलिबाग तालुका लागतो. तिथे पोयनाडजवळच्या चरी गावात 27 ऑक्टोबर 1933 रोजी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने सभा झाली आणि कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. पंचवीस गावांचा हा संप 1939 पर्यंत चालला. आम्ही बँकवाले एक दिवसाचा संप केला तरी पगारातून काय कापलं जाईल याचा हिशेब आदल्या रात्री मांडतो. या माणसांनी सहा हंगाम शेतात नांगर घातला नाही. लाकूडफाटा विकून दिवस काढले. त्या धामधुमीत, 1937 साली, नारायण नागूंनी शेतकऱ्यांची बाजू मांडायला 'कृषीवल' सुरू केला. म्हणजे हेही पुढाऱ्याचंच पत्र. पण ते वाचणारा माणूस उपाशी होता, आणि उपाशी माणसाला 'लवकरच' सांगून भागत नाही. 10 जानेवारी 1938 रोजी कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिलवर गेला, तेव्हा पुढे बाबासाहेब होते. पुढच्या वर्षी महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले आणि संप मिटला.

कूळकायदा सुधारून 1 एप्रिल 1957 हा कृषिदिन ठरला आणि कूळ मालक झालं. त्यानंतर तेरा वर्षांनी, 1970 साली, सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी संपादनात आल्या आणि कालचा मालक प्रकल्पग्रस्त झाला. ज्या सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर बसून मी हे लिहितो आहे, तिच्या पायाखालचा हा इतिहास आमच्या विक्रीकराराच्या सत्तर पानांत कुठेही नाही.

तो मला समजला आमच्या एका वयस्कर खातेदाराकडून. हयातीच्या दाखल्याच्या निमित्ताने ओळख झाली, आणि एकदा त्यांनी जवळच्या गावातल्या आपल्या घरी चहाला नेलं. पत्र्याच्या ट्रंकेतून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले. सातबारा, संपादनाची नोटीस आणि सभेचं एक पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं पत्रक. फोटो नाही, रंग नाही. तारीख, वार, वेळ, जागा आणि 'हजर राहा' एवढंच.

जानेवारी 1984. जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. 16 आणि 17 जानेवारीला जासई आणि नवघर परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्क्यांची योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या 12.5 टक्के इतकी विकसित जमीन परत मिळायची.

"सामाजिक सुविधांसाठी 3.75 कापतात," काका म्हणाले. "हातात पावणेनऊ. तुम्ही बँकेतले, तुम्हाला सांगायला नको."

मला खरंच सांगायला नको होतं. आमच्याकडे जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. पत्रकात साडेबाराची जमा छापली जाते. पावणेचार नावे पडले ते काकांच्या तोंडून कळतं, आणि पाच माणसं कुठल्या रकान्यात लिहायची, ते कुणालाच ठाऊक नसतं.

"हा कागद एवढा का जपलात?" मी विचारलं.

"साहेब, त्याच्यावर तारीख होती, म्हणून तर गेलो आम्ही. तारीख नसती तर जायचं तरी कुठं आणि कधी?"

परत येताना मी स्टेशनपर्यंत एक शब्द बोललो नाही. बरोबर कुणी नव्हतं हेही एक कारण.

तर सांगायचं म्हणजे, रद्दीवाला आला आणि वर्तमानपत्रं घेऊन गेला. गठ्ठा राहिला. आता दाराखालून पत्रक आलं की मी त्याच्या मागे पेन्सिलीने तारीख घालतो. आमच्या ऑफिसात आवक टपालावर शिक्का मारतात, तसं. कुणी पुढेमागे विचारलंच, की साहेब हे 'लवकरच' नेमकं केव्हापासूनचं, तर निदान एक टोक तरी हाताला लागावं.

सौभाग्यवतींनी सुरुवातीला हे माझ्या वयाचं लक्षण मानलं. परवा मात्र मेथीची जुडी घेऊन बसण्याआधी त्यांनी नवं पत्रक माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "आधी तारीख घाला."

भाजी अजून त्यावरच निवडली जाते. फक्त देठं काढली की कागद झटकून माळ्यावर जातो.