रंगाच्या डब्यावरची ‘१० वर्षं’ येतात कुठून?

डब्यावर १० वर्षांची वॉरंटी असते, पण रंग मात्र कधीकधी नुकताच बाजारात आलेला असतो. मग कंपनीला १० वर्षांचा अंदाज आला कसा? त्यासाठी वेदरिंग टेस्ट करतात. म्हणजे ऊन आणि पाण्याचा मारा, तोही मशीनमध्ये, रात्रंदिवस.

यातलं सगळ्यांत ओळखीचं मशीन म्हणजे क्यूयूव्ही. ट्यूबलाइटसारख्या दिसणाऱ्या यूव्ही दिव्यांसमोर रंगवलेले पत्रे लावतात. एएसटीएम जी१५४ या स्टँडर्डमधली एक नेहमीची सायकल अशी: ६० अंश सेल्सिअसला ८ तास यूव्ही, मग दिवे बंद आणि ५० अंशांना ४ तास पत्र्यावर दव. पाऊस सोडून दव का? कारण बऱ्याच ठिकाणी बाहेरची वस्तू पावसापेक्षा दवानेच जास्त तास ओली राहते. दुसरं मशीन झेनॉन दिव्याचं. फिल्टर लावला की त्याचा प्रकाश खऱ्या उन्हाच्या बराच जवळ जातो, त्यामुळे रंग किती फिका पडतो हे पाहायला ते जास्त चांगलं.

मधूनमधून पत्रे बाहेर काढून चमक आणि रंगातला फरक मोजतात. हात फिरवल्यावर पांढरी पूड लागते का, तेही बघतात. जुन्या भिंतीला टेकलात की शर्टाला लागते ना, तीच ही पूड! यूव्हीमुळे रंगाला धरून ठेवणारा बाइंडर तुटतो आणि पिगमेंट मोकळं होतं.

आता खरा प्रश्न: मशीनमधले १००० तास म्हणजे बाहेरची किती वर्षं? याला एकच आकडा नाही, आणि कुणी छातीठोकपणे सांगितला तर सावध व्हा. नागपूरचं ऊन वेगळं, रत्नागिरीची दमट हवा वेगळी. शिवाय घाईही नडते. यूव्हीबी-३१३ दिवे २९५ नॅनोमीटरच्या खालचे किरणही सोडतात. उन्हातले असे किरण जमिनीपर्यंत जवळजवळ पोचतच नाहीत. त्यामुळे बाहेर चांगला टिकणारा रंगही या दिव्यांखाली नापास होऊ शकतो.

म्हणूनच जाणकार मशीनचा वापर तुलनेसाठी करतात. बाहेर कसा टिकतो हे माहीत असलेला जुना रंग आणि नवा रंग शेजारी-शेजारी ठेवायचे. सोबत दक्षिण फ्लोरिडासारख्या कडक उन्हाच्या, दमट जागी पत्रे खरोखर वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवायचे.

आणि क्यूयूव्हीमध्ये शेवाळ वाढत नाही! कोकणातल्या भिंती काळ्या-हिरव्या होतात, त्याची टेस्ट वेगळी असते. त्यामुळे वॉरंटी कार्ड हातात आलं की वर्षांच्या आधी हे बघा: ती रंग सोलण्याची आहे, फिका पडण्याची आहे, की शेवाळाचीसुद्धा?