पाझ, काल्मा आणि सोसिएगो

स्पॅनिशमध्ये 'शांतता' म्हणायला एक शब्द पुरत नाही. पाझ, काल्मा, त्रांकिलिदाद, सोसिएगो असे निदान चार तरी समोर येतात आणि शब्दकोश चौघांपुढे थोड्याफार फरकाने तोच अर्थ मांडतो. एखाद्या अ‍ॅपचा मजकूर स्पॅनिशमध्ये नेताना यादीतला पहिला शब्द उचलून पुढे जाता येतं. पण या शब्दांचा इतिहास पाहिला की हात जरा आखडतो.

'पाझ' (उच्चार स्पेनमध्ये 'पाथ', लॅटिन अमेरिकेत 'पास') आला लॅटिन 'पाक्स'वरून. करार या अर्थाचा 'पॅक्ट' त्याचा भाऊ. संस्कृतातला 'पाश'ही त्याच कुळातला मानतात. म्हणजे ही बांधलेली, ठरवलेली शांतता, थोडक्यात तह. 'काल्मा'चं मूळ ग्रीक 'काउमा'मध्ये, म्हणजे रणरणत्या उन्हात, सांगितलं जातं. भर दुपारी वारा पडतो, गुरं सावलीला बसतात, शिडाची जहाजं जागच्या जागी थांबतात, ती काल्मा. 'त्रांकिलिदाद' रोजच्या बोलण्यातली. घाबरलेल्याला 'त्रांकिलो' म्हणून धीर देतात. 'सोसिएगो'च्या मुळाशी मात्र 'बसणे' ही क्रिया आहे. आपल्या 'सदन', 'उपनिषद' या शब्दांतला 'सद्' धातू तिचा नातलग. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसावा, तशी ही शांतता.

यातला 'पाझ' राज्यकर्त्यांच्या फार आवडीचा. 13 जुलै 1573 रोजी स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने अमेरिकेतल्या मोहिमांसाठी नवे नियम काढले. त्यात एक कलम शब्दांबद्दलच होतं: या मोहिमांना यापुढे 'कोंकिस्ता', म्हणजे 'जिंकणं', म्हणायचं नाही. त्या शांततेने आणि प्रेमाने व्हायच्या असल्यामुळे, त्या नावाचा आधार घेऊन कुणी बळजबरी करू नये, असं कारण दिलं होतं. नवा शब्द आला 'पासिफिकासिओन', शांत करणं. हे निव्वळ ढोंग नव्हतं. बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने अनेक दशकं या अत्याचारांविरुद्ध लिहून दरबाराला अस्वस्थ केलं होतं. पण शेवटचा इंका राजा तुपाक आमारू याचा कुस्कोच्या चौकात शिरच्छेद झाला होता, त्याला अजून वर्षही उलटलं नव्हतं. चिलीतल्या मापुचे लोकांशी चाललेलं युद्ध तर 1598 मध्ये फिलिप मरेपर्यंत संपलं नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनचं नाव बदललं, आतला कोड बराचसा तोच राहिला.

बराचसा म्हटलं, कारण एक अपवाद आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला चिचिमेका टोळ्यांशी चाळीस वर्षं लढून झाल्यावर, 1590च्या सुमारास स्पॅनिशांनी त्यांना धान्य, कापड आणि अवजारं देऊन बोलणी केली. लढाई थांबली. तिथे दुसऱ्या बाजूलाही काही मिळालं, म्हणून 'पाझ' आपल्या मूळ अर्थाच्या जवळ आला.

त्याच मेक्सिकोत 1968 मध्ये ऑलिंपिक भरलं. 'शांततेत सारं शक्य आहे' हे त्याचं घोषवाक्य आणि त्यातला शब्द अर्थातच 'पाझ'. उद्घाटनाच्या दहा दिवस आधी, 2 ऑक्टोबरला, राजधानीतल्या त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर सरकारी सैन्याने गोळीबार केला. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. त्या वेळी मेक्सिकोचा भारतातला राजदूत होता कवी ऑक्टाव्हियो पाझ. त्याने निषेध म्हणून दिल्लीतलं पद सोडलं. आडनावातच 'पाझ' असलेल्या माणसाने सरकारी 'पाझ' नाकारली.

'सोसिएगो'ला असं राजकीय नशीब लाभलं नाही. दरबारात आलेला माणूस भीतीने गारठला, की दुसरा फिलिप त्याला 'सोसेगाओस', म्हणजे 'शांत व्हा', असं म्हणे, अशी आठवण सांगतात. याच शब्दाचं पोर्तुगीज भावंड 'सोसेगादो' गोव्यात रुजलं आणि कोकणीत 'सुशेगाद' झालं. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याचा अर्थ आळशीपणाकडे झुकवला. गोंयकाराला मात्र त्यात समाधान, निवांतपणा ऐकू येतो. गंमत म्हणजे 1580 नंतर पोर्तुगालचा मुकुटही फिलिपकडे आला, त्यामुळे काही काळ गोवाही त्याच्याच राज्यात होता.

मग शब्द कोणता निवडायचा? वादळ ओसरलं असेल, किंवा गर्दीला घाबरू नका म्हणायचं असेल, तर काल्मा. दिवसभराची धावपळ संपून मन आपोआप खाली बसलं असेल, तर सोसिएगो. शब्द थोडा पुस्तकी आहे, पण नेमका आहे. ध्यानाच्या अ‍ॅपमध्ये 'आतली पाझ' असंही म्हणतात आणि ते चुकीचं नाही, कारण तिथे माणसाचा स्वतःशी तह झालेला असतो. नुसती 'पाझ' वापरताना मात्र दुसरी बाजू कोण आहे आणि तिने होकार दिला आहे का, हे आधी पाहावं. तो होकार नसेल, तर त्या ठिकाणी फक्त आवाज बंद झालेला असतो, आणि स्पॅनिशमध्ये त्याला वेगळा शब्द आहे: सिलेन्सिओ.